बँटिंगांची पेढी आणि वेलिंग्टनचा शवरथ

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरची बँटिंग कुटुंबाची पेढी मुळात फर्निचर आणि गाद्यागिरद्यांची. तिने ब्रिटिश राजघराण्याचे अंत्यविधी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. ही जोडी वाटते तितकी विचित्र नाही. सतराव्या शतकापर्यंत उमरावांच्या अंत्ययात्रेचा थाट राजदरबारचे मानचिन्ह-अधिकारी ठरवत. पुढे हे काम बाजारात आले, तेव्हा शवपेटीसाठी लाकूड सुताराकडे होते आणि घर, चर्च, गाडी झाकायला लागणारे काळे कापड गादीवाल्याकडे. ज्याच्याकडे माल, त्याच्याकडे मक्ता. ‘अंडरटेकर’ या शब्दाचा मूळ अर्थही काम अंगावर घेणारा, म्हणजे मक्तेदार, एवढाच. मयताचा मक्ता हा संकुचित अर्थ त्याला नंतर चिकटला. तिरडी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच बांधायची असते, अशा रीतीत वाढलेल्याला हा धंदा परका वाटणार.

या धंद्यातली सर्वांत डोळ्यांत भरणारी वस्तू म्हणजे शववाहिका, इंग्रजीत ‘हर्स’. या शब्दाचा उगम थेट शेतात आहे. फ्रेंचमध्ये ‘एर्स’ म्हणजे ढेकळे फोडायचे दातेरी औत. त्यामागच्या लॅटिन शब्दाचे मूळ लांडग्याच्या प्राचीन इटलीतल्या एका नावात असल्याचे मानतात. औताचे दाते लांडग्याच्या दातांसारखे, म्हणून. चर्चमध्ये मेणबत्त्या खोचायची खिळ्यांची चौकट या औतासारखी दिसे, म्हणून तिला तेच नाव मिळाले. मग पेटीवर उभारायच्या मेणबत्त्यांच्या सांगाड्याला, आणि सतराव्या शतकात पेटी वाहणाऱ्या गाडीलाच ‘हर्स’ म्हणू लागले.

थोरामोठ्यांसाठी ही गाडी मुद्दाम बांधत. 9 जानेवारी 1806 रोजी नौसेनानी नेल्सनची पेटी सेंट पॉल्स कॅथीड्रलला गेली ती ‘व्हिक्टरी’ या त्याच्या जहाजासारखी नाळ आणि पिछाडी असलेल्या रथातून. तो पुढे ग्रीनिचला ठेवला होता. तिथेच खिळखिळा होऊन मोडीत निघाला. बँटिंगांच्या हातून तिसरा जॉर्ज 1820 मध्ये आणि चौथा जॉर्ज 1830 मध्ये मार्गस्थ झाला. मग आला 1852 मधला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अंत्यविधी. असईला 1803 मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेल्स्ली तो हाच.

वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेचे काम बँटिंगांकडे होते, पण रथाची आखणी सरकारी कलाखात्याने केली. हेन्री कोल, चित्रकार रिचर्ड रेडग्रेव्ह आणि जर्मन वास्तुविशारद गॉटफ्रीड झेम्पर यांनी ती तयार केली आणि राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांनी तीत जातीने लक्ष घातले. सहा चाके, ओतीव कांस्य, वर ढाली-भाल्यांची गर्दी आणि त्याच्याही वर छत. हे सारे सुमारे तीन आठवड्यांत उभे राहिले. वजन दहा टनांच्या वर, ओढायला बारा काळे घोडे. 18 नोव्हेंबरला हे धूड मॉल रस्त्यावर चिखलात रुतले आणि पोलिसांना हात लावून ते बाहेर काढावे लागले. टेंपल बार ही जुनी वेस लागली तेव्हा छत खाली घ्यावे लागले; तेवढी यंत्ररचना मात्र आधीच केलेली होती. कॅथीड्रलच्या दारात पेटी उतरवायचे यंत्र अडले आणि आतली मंडळी गारठत तासाभराहून अधिक वाट पाहत राहिली. चार्ल्स डिकन्सने रथाच्या कुरूपपणावर सडकून टीका केली, आणि त्यात अन्याय काही नव्हता. मयताची गाडी म्हणजे मुळात पेटी नेण्याचे साधन, हे रथ आखणाऱ्यांच्या ध्यानी राहिले नव्हते.

रोजचा धंदा अशा रथांवर चालत नसे. काचेच्या बाजूंची काळी गाडी, बेल्जियम-हॉलंडकडून आणलेले काळेभोर घोडे आणि त्यांच्या डोक्यांवर शहामृगाची पिसे, हा व्हिक्टोरियन काळातला नेहमीचा थाट. त्यातही बहुतेक छोट्या अंडरटेकरांच्या मालकीचे ना घोडे असत ना गाडी. ते ठोक व्यावसायिकांकडून दिवसापुरते भाड्याने येई. दुकानावरचे नाव तेवढे घराण्याचे.

बँटिंग हे नाव मात्र जगभर पोचले ते वेगळ्याच वाटेने. पेढीचे विल्यम बँटिंग साडेपाच फूटही नव्हते आणि वयाच्या 66 व्या वर्षी त्यांचे वजन 202 पौंड होते. कानाचे डॉक्टर विल्यम हार्वी यांनी त्यांचा पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद केली. सुमारे वर्षभरात 46 पौंड उतरल्यावर त्यांनी 1863 मध्ये लठ्ठपणावर एक पुस्तिका छापली. पहिली आवृत्ती तर फुकट वाटली. इंग्रजीत ‘बँट’ हे क्रियापद रुळले आणि स्वीडिशमध्ये आजही पथ्य पाळून बारीक होण्याला ‘बांता’ म्हणतात.

विल्यम 1878 मध्ये वारले. पेढी चालू राहिली. 1901 मध्ये व्हिक्टोरियाचा अंत्यविधी बँटिंगांकडेच होता, पण तिला लष्करी इतमाम हवा होता, म्हणून पेटी तोफेच्या गाड्यावर चढली. विंडसरला घोड्यांचा साज तुटला तेव्हा नौसैनिकांनी दोर धरून गाडा ओढला. ती पुढे प्रथाच झाली. 2022 मध्ये दुसऱ्या एलिझाबेथचा गाडाही नौसैनिकांनीच ओढला. 1910 मध्ये सातव्या एडवर्डला निरोप दिल्यावर बँटिंगांचे दिवस सरत आले आणि 1928 मध्ये राजघराण्याचे काम त्यांच्याकडून सुटले. वेलिंग्टनचा रथ बराच काळ सेंट पॉल्सच्या तळघरात होता. आता तो हॅम्पशायरमध्ये ड्यूकच्या वंशजांच्या स्ट्रॅटफील्ड से या वाड्यात पाहायला मिळतो.