चालण्यातील स्नायुबलांचे प्रतिमानीकरण

मनुष्य चालत असताना पायांतील प्रत्येक स्नायू किती बल निर्माण करतो, याचा गणिती अंदाज घेण्याच्या पद्धतीस चालण्यातील स्नायुबलांचे प्रतिमानीकरण म्हणतात. जिवंत माणसाच्या स्नायूतील बल शस्त्रक्रियेवाचून थेट मोजणे कठीण असल्याने ते बाहेरून मोजता येणाऱ्या राशींवरून काढले जाते.

सांध्यांवरील आघूर्ण

कॅमेऱ्यांनी अवयवांची हालचाल टिपली जाते आणि जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेटने जमिनीची प्रतिक्रिया मोजली जाते. या नोंदींना न्यूटनचे गतिनियम लावून घोटा, गुडघा व खुबा यांवरील निव्वळ आघूर्ण मिळते. या रीतीस व्यस्त गतिकी म्हणतात. उदा., ७० किलोग्रॅम वस्तुमानाची व्यक्ती टाच उचलून पाऊल रेटते तेव्हा घोट्यावरील आघूर्ण सुमारे १०० न्यूटन-मीटर असते. टाचेच्या कंडरेचे घोट्यापासूनचे लंबांतर ५ सेंटिमीटर धरल्यास तिच्यातील ताण सुमारे २,००० न्यूटन, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट येतो.

वाटणीचा प्रश्न

हा ताण मुख्यतः पोटरीतील सोलियस व गॅस्ट्रोक्नेमियस या स्नायूंत विभागला जातो. त्यांपैकी दुसरा स्नायू गुडघाही वाकवतो. समीकरणांपेक्षा अज्ञात राशी अधिक असल्याने केवळ यामिकीवरून एकच उत्तर निघत नाही. यासाठी क्राउनिनशील्ड व ब्रँड यांनी १९८१ मध्ये स्नायूंतील प्रतिबलांच्या घनांची बेरीज किमान ठेवण्याचा निकष मांडला. शरीर थकवा टाळते, हे त्यामागील गृहीतक आहे.

हिल प्रतिमान

ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून बल व आकुंचनाचा वेग यांतील संबंध मांडला. स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितके त्याचे बल कमी होते. हा संबंध आणि स्नायूची लांबी यांवरून प्रत्येक स्नायूच्या बलाची मर्यादा ठरवली जाते.

पडताळणी व उपयोग

इलेक्ट्रोमायोग्राफीवरून स्नायू केव्हा सक्रिय झाला हे कळते, मात्र त्याचे बल थेट कळत नाही. संवेदक बसवलेल्या कृत्रिम खुब्यांमुळे सांध्यावरील एकूण भार मोजता येतो. साध्या चालण्यात तो वजनाच्या दोन ते तीन पट असतो. हा भार प्रतिमानाशी जुळला तरी स्नायूंमधील वाटणी बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही. सेरेब्रल पाल्सीमध्ये परस्परविरोधी स्नायू अनेकदा एकाच वेळी आखडतात. तेथे किमान श्रमाचा निकष सांध्यावरील भार कमी दाखवू शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेचे नियोजन किंवा कृत्रिम सांध्यांची रचना करताना प्रतिमानातील गृहीतके तपासणे आवश्यक ठरते.