इंजिनवेड्या घराण्याची बस

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या उपनगरांत ऐंशी वर्षं धावलेल्या ‘बार्टन ट्रान्सपोर्ट’चा इतिहास १९०८ पासून सांगायची पद्धत आहे. त्या साली कंपनीची पहिली गाडी रस्त्यावर आली, म्हणून. मला मात्र या कंपनीचं मूळ त्याच्या सोळा वर्षं आधी, एका कारखान्यात सापडतं.

ग्रँटम गावात हॉर्न्सबी यांचा इंजिनांचा कारखाना होता. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टच्या पेटंटवर तिथे ऑईल इंजिनं बनत. ती सुरू करणं कष्टाचं काम होतं. सिलिंडरमागचा लोखंडी गोळा ज्योत लावून चांगला तापवायचा आणि मग जोर लावून फ्लायव्हील फिरवायचं. टॉमस हेन्री बार्टन हा पंचविशीतला इंजिनीअर तिथे कामाला होता. १८९२ मध्ये त्यानं हा गोळा काढून नवं सिलिंडर हेड बसवलं आणि आतली हवा पूर्वीपेक्षा जास्त दाबली. दाबाखाली हवाच इतकी तापली की बाहेरच्या ज्योतीची गरज उरली नाही, तेल आपसूक पेट घेऊ लागलं. याच तत्त्वावरचं रुडॉल्फ डिझेलचं यशस्वी इंजिन आलं १८९७ मध्ये. बार्टनच्या या प्रयोगाचं कारखान्यानं पुढे फारसं काही केलं नाही, पण त्याच्या डोक्यातून तो गेला नाही. हॉर्न्सबी हे नाव आपल्यालाही परकं नाही. ही कंपनी १९१८ मध्ये रस्टन कंपनीत विलीन झाली आणि ‘रस्टन अँड हॉर्न्सबी’ची इंजिनं पुढे आपल्या चिंचवडला बनू लागली.

ऑक्टोबरात नॉटिंगहॅमला ‘गूझ फेअर’ भरते. ही तिथली शतकानुशतकांची जत्रा. लाँग ईटन हे लेस विणणाऱ्यांचं गाव तिथून सात-आठ मैलांवर. १९०८ च्या जत्रेला बार्टननं या गावातून ओळीनं बाकं टाकलेली उघडी मोटार सोडली आणि मग ती चालूच ठेवली. धंदा सगळा घरचा होता. मुलगे वर्कशॉपमध्ये राबत, आणि मुलगी केट सुरुवातीच्या त्या काळात स्वतः गाडी चालवी. बायकांना मताचा हक्क मिळण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. तिला गाडीवर बसवणाऱ्या बापाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पहिल्या महायुद्धात जवळच्याच चिलवेलला तोफगोळ्यांत दारू भरण्याचा अवाढव्य कारखाना उभा राहिला आणि हजारो कामगारांची ने-आण करायची वेळ आली. पेट्रोल मिळेना. बार्टननं गाडीच्या टपावर लाकडी चौकटीत भलीमोठी कापडी पिशवी बसवली आणि ती रस्त्यावरचे दिवे पेटवायच्या कोळशाच्या गॅसनं भरली. निघताना टम्म फुगलेली पिशवी गाडी चालेल तशी बसत जाई. पूर्ण चपटी व्हायच्या आत ती पुन्हा भरून घ्यायची. थोड्याच मैलांची मजल, पण कामगार पाळीवर पोहोचत. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या सर्व्हिस मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून धावल्या, त्याच जातीची ही अडचणीतली अक्कल. १ जुलै १९१८ च्या संध्याकाळी त्या कारखान्यात स्फोट झाला. १३४ माणसं गेली, त्यांतल्या जेमतेम ३२ जणांची ओळख पटली. उपनगरातली बस म्हणजे रोज तीच माणसं. चालक-कंडक्टरांना किती रिकाम्या जागा ओळखीच्या वाटल्या असतील, याचा विचार करवत नाही.

बार्टनचा जुना ध्यास पुरा झाला १९३० मध्ये. मँचेस्टरच्या गार्डनर कंपनीनं बोटींसाठी एक डिझेल इंजिन काढलं होतं. बार्टनांनी ते आपल्या एका लान्सिया बसमध्ये बसवलं. पेट्रोल इंजिनाच्या जागी हे धूड मावेल का, कंपनं चासीला सोसतील का, याची हमी कोणी दिलेली नव्हती. बस चालली. ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या डिझेल बसमध्ये तिची गणना होते आणि दहा वर्षांत तिथल्या नव्या बसना डिझेल हाच नेम झाला. १८९२ मधल्या प्रयोगानंतर ३८ वर्षांनी म्हाताऱ्याच्या हाताशी आपल्या मालकीची गाडी होती, म्हणून हे जमलं. बस हा त्याच्यासाठी इंजिनापर्यंत परत जायचा रस्ता होता, असं मी समजतो.

तो १९४६ मध्ये वारला, तरी वर्कशॉपची खोड गेली नाही. जुन्या, दुसऱ्यांनी टाकलेल्या गाड्या आणून चासीवर नव्यानं उभ्या करण्यात या घराचा हातखंडा होता. लाँग ईटनजवळच्या सॉली जंक्शनला रेल्वेचा एक बुटका पूल होता. डबलडेकर एरवी चौदा फुटांच्या वर जाते. बार्टन कंपनीनं १९६० मध्ये त्या पुलाखालून जाईल अशी डेनिस लोलाईन बांधून घेतली, उंची सुमारे साडेबारा फूट. ती लंडनच्या प्रदर्शनात मिरवली आणि आजही जतन करून ठेवलेली आहे.

आपल्याकडे जून १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर एस.टी. सुटली आणि पुढे एकेक करून खासगी मोटारमालकांचे मार्ग सरकारकडे गेले. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास बस-कंपन्या सरकारजमा होऊ लागल्या, पण बार्टन त्यातून सुटली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या स्वतंत्र कंपन्यांत गणली जाऊ लागली. १९३० च्या कायद्यानं मार्गांचे परवाने सुरू केले होते. त्यांची तिला भक्कम ढाल होती. १९८५ च्या कायद्यानं ती ढाल काढून घेतली. लंडन वगळता इंग्लंडभर कोणीही, कुठेही बस चालवावी असं ठरलं. घरच्या वर्कशॉपच्या बळावर उभ्या असलेल्या कंपनीला मार्गामार्गावरची ही झुंज मानवण्यासारखी नव्हती. ज्यांनी हा कायदा केला, त्यांनी अशा घरांचा विचार केला होता असं मला वाटत नाही.

१९८९ मध्ये बार्टन कुटुंबानं बसचा धंदा वेलग्लेड कंपनीला विकला. शेजारची ट्रेंट ही जुनी प्रतिस्पर्धी कंपनी आधीच तिच्याकडे होती. दोन्ही नावं जोडून झालेल्या ‘ट्रेंटबार्टन’च्या बस नॉटिंगहॅम–लाँग ईटन रस्त्यावर आजही धावतात.