सोलापूर जिल्ह्यातील प्रौढ साक्षरता आणि शासकीय प्रयत्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सोलापूर जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण 2001 च्या जनगणनेत सुमारे 71 टक्के होते. 2011 मध्ये ते सुमारे 77 टक्के झाले. ही वाढ प्रौढ शिक्षणाचे फलित मानण्याचा मोह होतो. तथापि या गणनेत सात वर्षे व त्यावरील सर्व व्यक्ती येतात. शाळकरी मुलेही त्यात समाविष्ट असल्याने प्रौढांची स्थिती या आकड्यावरून स्पष्ट होत नाही.

शासकीय प्रयत्नांच्या इतिहासातही मोजमापाचा हा प्रश्न आढळतो. 1937 मध्ये सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात प्रौढ शिक्षणास चालना दिली. 1959 च्या सुमारास शेजारच्या सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने संपूर्ण गाव हा घटक मानला. गाव साक्षर झाल्यावर ‘ग्रामगौरव’ समारंभ होत असे. पुढे ही मोहीम राज्यभर पोहोचली. परंतु वाचनाचा सराव न टिकल्याने अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले. 2 ऑक्टोबर 1978 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने आणि 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने प्रामुख्याने 15 ते 35 हा वयोगट डोळ्यांसमोर ठेवला. साहजिकच पस्तिशी ओलांडलेल्या निरक्षर स्त्रिया उद्दिष्टाबाहेर राहिल्या.

सोलापुरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 2011 मध्ये जिल्ह्यातील पुरुष साक्षरता सुमारे 85 टक्के, तर स्त्री साक्षरता सुमारे 68.5 टक्के होती. शहरातील विडी कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी असून त्यांपैकी अनेकींची मातृभाषा तेलुगू आहे. त्यांना मजुरी हजार विड्यांमागे मिळते. त्यामुळे वर्गात घालवलेला तास म्हणजे बुडालेली मजुरी होय. शिवाय मराठी प्रवेशिका त्यांच्यासाठी अक्षराबरोबर नवी भाषाही घेऊन येते.

2022 मध्ये मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने 15 वर्षांवरील सर्व निरक्षरांना सामावून घेतले, हा जुन्या धोरणातील उणिवेवरील महत्त्वाचा उपाय होय. मात्र परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची संख्या हेच यशाचे माप ठरल्यास ग्रामगौरवाचाच अनुभव पुन्हा येईल. नवसाक्षर स्त्री दोन वर्षांनंतरही वाचते काय, याची नोंद ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.