सिरोंचाचा धाविक व जर्डनचे दोन ग्रंथ

जुन्या सचित्र सृष्टिशास्त्रीय ग्रंथांचे संग्राहक बहुधा दोनच गोष्टी विचारतात: चित्रे किती, आणि ती सर्व शाबूत आहेत काय? ग्रंथ कोणाच्या हाती होता व त्याने त्याचा काय उपयोग केला, हा प्रश्न मागे पडतो. जुन्या चांदा प्रांतातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, एका पक्ष्याच्या नोंदीच्या अनुरोधाने या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

मद्रास इलाख्यातील लष्करी वैद्य टॉमस जर्डन याने आरंभी आपला पक्षिसंग्रह ओळख पटविण्याकरिता स्कॉटलंडात सर विल्यम जार्डाइन याजकडे धाडिला. तो पोहोचेतो त्यास कसर लागली होती. तेव्हा परक्याच्या निर्णयावर विसंबणे सोडून त्याने स्वतःच १८३९-४० साली ४२० जातींची यादी प्रसिद्ध केली. कर्नल साइक्सच्या दख्खनच्या यादीहून ती जवळजवळ दुप्पट होती. पुढे १८४३ ते १८४७ या काळात त्याचा सचित्र ग्रंथ भागाभागाने निघाला. त्यात पन्नास चित्रे असून ती एतद्देशीय चिताऱ्यांनी काढिलेली आहेत. शिळाछापाच्या या चित्रांत रंग हाताने भरीत, सबब एका प्रतीतील छटा दुसरीशी तंतोतंत जुळेलच असे नाही. भाग सुटे निघत असल्याने बांधणीही ज्याच्या त्याच्या इच्छेप्रमाणे होई. मूळ वेष्टने बांधणीत टिकली असतील तर ती प्रत विशेष जपावी.

आता गंमत अशी की, ज्या पक्ष्यास आज जर्डनचे नाव आहे, तो दुपट्टी धाविक या पन्नासांत त्या नावाने असणे शक्यच नव्हते. ग्रंथ पुरा झाला १८४७ साली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील ब्लिथने पक्ष्याचे नामकरण केले १८४८ साली. त्याचे वर्णन जर्डनच्या १८६२-६४ च्या दुसऱ्या ग्रंथात आहे. त्यात हजारावर जाती आहेत, पण चित्रांचे वैभव नाही. लिलावात पहिल्या ग्रंथावर उड्या पडतात, दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमच्या मते इतिहासाच्या दृष्टीने हे माप उलटे आहे. मुलूखगिरी करणाऱ्या अंमलदारास पेटीत घालून नेता येईल असा तोच ग्रंथ होता.

प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळील सिरोंचा हे त्या काळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. १८७४ साली तो मुलूख चांद्यास जोडला गेला, आणि १९८२ साली गडचिरोली जिल्हा निराळा झाला. भूगर्भ खात्याचा विल्यम ब्लॅनफर्ड १८६० ते १८७० या दशकात गोदावरीच्या खोऱ्यात हिंडत असता त्याने सिरोंचा व भद्राचलम या बाजूस या धाविकाची नोंद केली. खडक पाहावयास गेलेल्या माणसाने पक्षी ओळखिला, यातच त्या पिढीतील सृष्टिशास्त्र्यांचा पिंड दिसतो. १८९८ साली प्रसिद्ध झालेला हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीविषयीच्या ग्रंथमालेचा पक्षिविषयक चौथा खंड ब्लॅनफर्डनेच सिद्ध केला.

मालकीचा माग लावावयाचा तर स्वाक्षरी हे पहिले साधन. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी विलायती ग्रंथ मोठ्या हौसेने जमविले. सरस्वती महालातील त्यांच्या ग्रंथांवर त्यांची इंग्रजी सही सापडते. एवढी सोय इतरत्र क्वचितच. समासातील टिपा मात्र त्याहून मोलाच्या, आणि नाशिवंतही तितक्याच. अॅलन ह्यूमची अनेक वर्षांची पक्षिविषयक हस्तलिखिते सिमल्यास त्याच्या गैरहजेरीत नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. त्यानंतर त्याने तो अभ्यास सोडला व १८८५ साली सुमारे ८२ हजार नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकिले. नमुने राहिले, कागद गेले.

धाविकाच्या बाबतीत याच्या उलट घडले. १९०० साली अनंतपूरकडे हॉवर्ड कॅम्बेलला तो आढळल्यावर पाऊण शतकाहून अधिक काळ त्याचा पत्ता नव्हता. १९८६ च्या जानेवारीत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांस कडप्पा जिल्ह्यात ऐतन्ना या पारध्याच्या साहाय्याने तो पुन्हा गवसला. तेथील लोक त्यास कलिवी कोडी म्हणत. अर्थात पंडितांच्या लेखी नष्ट झालेला पक्षी गावकऱ्यांच्या बोलीत नांदतच होता. पुढे २०१३ साली अॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात १९१७ साली कोलारकडे मिळालेले एक अंडे याच पक्ष्याचे असल्याचे उघड झाले.

सिरोंचाविषयी मात्र अद्याप ब्लॅनफर्डच्या नोंदीवरच भिस्त आहे. यास्तव चांदा, अहेरी, सिरोंचा येथील जुन्या कचेऱ्यांतून अथवा वनाधिकाऱ्यांच्या घरांतून निघालेले जर्डनचे खंड ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी शिक्के, सह्या व समासातील टिपा नकलून आमच्याकडे धाडाव्यात. नव्याने बांधणी करविताना समास कापू देऊ नयेत.