कार्ब्युरेटर, जुन्या मोटारसायकलचा : बिघाड व ट्युनिंग

पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करून ते इंजिनाला पुरवणारा भाग. राजदूत, यामाहा आरएक्स १००, हिरो होंडा सीडी १०० या गाड्यांत तो असे. यवतमाळ जिल्ह्यात त्याची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. पारा ४४-४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि हिवाळ्यात सकाळी जुळवलेली गाडी उन्हाळ्याच्या दुपारी जड चालू लागते. वणीकडील कोळशाची धूळ आणि कच्च्या रस्त्यांचा फुफाटा एअर फिल्टर तुंबवून हाच दोष वाढवतात. म्हणून आधी फिल्टर पाहावा, मिश्रण जुळवण्याच्या एअर स्क्रूला हात नंतर.

प्लग काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी. विटकरी रंग योग्य. ओव्हरफ्लो होत असल्यास फ्लोटची सुई झिजलेली किंवा तिच्याखाली कचरा अडकलेला असतो. गाडी आयडलला (ॲक्सिलरेटर न देता) सुरू राहत नसेल तर बहुधा स्लो जेट बुजलेला असतो. जेट पितळी असतो. त्यात तार घालणे घातक, कारण छिद्र किंचित रुंदावले तरी माप कायमचे बिघडते. तो पेट्रोलने धुऊन हवेच्या झोताने साफ करावा.

ट्युनिंग इंजिन गरम असतानाच करावे. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून साधारण दीड फेरा उघडावा, मग इंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे चालेल तिथे ठेवावा आणि शेवटी आयडल उतरवावा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले.