स्मार्ट कार्ड लॉगिन (विंडोज)

स्मार्ट कार्ड लॉगिन ही पासवर्डऐवजी चिपयुक्त कार्ड व पिन वापरून संगणकात प्रवेश करण्याची पद्धत होय. विंडोज २००० पासून ती उपलब्ध आहे. कार्डाचा मिनीड्रायव्हर एलएसएएस या सुरक्षा-प्रक्रियेत चालतो. त्यामुळे त्यातील दोष केवळ प्रवेश अडवून थांबत नाही. एलएसएएस कोसळताच विंडोज संगणक पुन्हा सुरू करते आणि कार्ड रीडरमध्येच राहिल्यास हे चक्र चालू राहू शकते. अशा वेळी कार्ड काढून पासवर्डने प्रवेश केला जातो. इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदीत दोषी डीएलएल फाइलचे नाव सहसा सापडते. ती ज्या सॉफ्टवेअरची असेल, ते अद्ययावत करणे हाच खरा उपाय. रीडर बदलून फारसे साधत नाही. खात्यावर स्मार्ट कार्डाची सक्ती असल्यास प्रशासकाला ती शिथिल करून नवा पासवर्डही द्यावा लागतो, कारण सक्ती लागू होताच ॲक्टिव्ह डिरेक्टरी जुना पासवर्ड यादृच्छिक मूल्याने बदलते.