स्पेलिंग चुकते तेव्हा...

इंग्रजी स्पेलिंग चुकले की मूल 'ढ' ठरते. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलावर हा शिक्का जरा लवकरच बसतो. पण ज्या स्पेलिंगवरून आपण हुशारी मोजतो, ते कोणी एका बैठकीत ठरवलेले नाही. ते शतकानुशतके साचत गेले आहे.

रात्र म्हणजे 'नाइट' आणि घोडेस्वार सरदार म्हणजेही 'नाइट'. आज दोन्ही सारखेच ऐकू येतात, पूर्वी तसे नव्हते. सरदाराच्या शब्दातला 'के' उच्चारला जाई, आणि दोन्ही शब्दांतला 'जीएच' हा 'ख़'च्या जातीचा आवाज होता. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईने स्पेलिंग हळूहळू पक्के झाले, बोली मात्र बदलत राहिली. आवाज गेले, अक्षरे राहिली.

काही अक्षरे तर विद्वानांनी मागाहून घातली. कर्ज या अर्थाचा 'डेट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिन मूळ दिसावे म्हणून तो घातला गेला.

प्रत्ययांचेही तसेच. 'हॉप'ला 'आयएनजी' लावताना 'पी' दोनदा येतो. 'होप'ला लावताना शेवटचा 'ई' गळतो आणि 'पी' एकच राहतो. दुहेरी अक्षर सांगते की आधीचा स्वर आखूड आहे. बाराव्या शतकात ऑर्म नावाच्या इंग्रज धर्मगुरूने ही खूण काटेकोरपणे वापरली, कारण त्याची प्रवचने वाचणाऱ्याचा उच्चार चुकायला नको होता. तशदीद शिकलेल्या मुलाला अशी खूण परकी वाटू नये. अर्थात नियम सगळीकडे एक नाही. 'ट्रॅव्हलिंग'मध्ये ब्रिटनला दोन 'एल' लागतात, अमेरिकेला एक पुरतो. अमेरिकेची ही वेगळी वाट पक्की करण्यात नोआ वेब्स्टरच्या 1828 च्या शब्दकोशाचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे तरी काय वेगळे? उर्दूत फळ असलेला 'आम' अलिफने लिहितात, सर्वसामान्य या अर्थाचा 'आम' ऐनने. मराठीत 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. कान फरक सांगत नाही, तेव्हा डोळ्याला सांगावा लागतो.

म्हणून चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावण्याआधी त्याची गोष्ट सांगून पाहा. जे मूल 'नाइट' ऐकल्याप्रमाणे लिहिते, त्याचा कान तयार आहे. त्याला इतिहास कोणी सांगितलेला नाही, एवढेच.